ताईचे दोन अर्ज

आमची ताई चपला घ्यायला गेली तरी पाच मिनिटांत दुकानाबाहेर. भाऊजी म्हणायचे, "लग्नाला होकारसुद्धा हिने असाच दिला, मला विचार करायला वेळच मिळाला नाही." अशा बाईने दोन कोरे अर्ज महिनाभर जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली दाबून ठेवले. काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्या काळी शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे होता ना! आता सत्तरी आली, डोक्यावरचे केस गेले, कालचं जेवण आठवत नाही. तो महिना मात्र घटकाघटकाने आठवतो.

ताई तेव्हा बेचाळीस वर्षांची. रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून दोन खोल्यांची प्राथमिक शाळा होती, तिथे तिने सतरा वर्षं शिकवलं. इंजिन जायला लागलं की काही ऐकू यायचं नाही. मग पोरं पाढा थांबवायची, इंजिन गेलं की बरोबर त्याच आकड्यापासून पुढे म्हणायची. मी एकदा तिचा डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा हे पाहून हसून हसून पुरेवाट झाली होती. ती शाळा आदल्या वर्षी बंद झाली आणि ताईला यार्डाच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत घेतलं.

पहिला अर्ज होता शिक्षणशास्त्राच्या पदवीचा. संध्याकाळचे वर्ग, नोकरी चालू, आणि दोन वर्षांनी मोठ्या शाळेचे हेडसर निवृत्त झाले की खुर्ची ताईची. दुसरा होता शिक्षण धोरणाच्या एम.ए.चा. दिवसभर वर्ग, दोन वर्षं बिनपगारी रजा, आणि पुढे काय? ते विद्यापीठालाही धड सांगता येत नव्हतं.

"धोरण म्हणजे काय गं नक्की?" आईने विचारलं.

"शाळा कुठे असावी, कुठली बंद करावी, किती मुलांमागे किती शिक्षक, हे कसं ठरवतात ते."

"ठरवणारे बसलेत की ऑफिसात. तू कशाला त्यांच्या डोक्याला ताप?"

भाऊजी म्हणाले, "मला हेडबाईंचा नवरा म्हणून मिरवायचं होतं. माझा तरी विचार कर."

सगळ्यांत जास्त आरडाओरडा मी केला. हातातली खुर्ची सोडून या वयात कॉलेजच्या बाकावर बसायचं हे कसलं खूळ, असं मी तिला तीनतीनदा ऐकवलं. खरं सांगायचं तर मला त्या दुसऱ्या अर्जाची भीती वाटत होती. माझंच मन मला खात होतं.

झालं होतं असं. आदल्या वर्षी वरून आदेश आला: पट वीसपेक्षा कमी आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा मोठीत विलीन करायची. ताईच्या शाळेत मुलं एकोणीस. माहिती ताईनेच भरून द्यायची होती, आणि त्यात एक रकाना होता, 'जवळच्या शाळेपर्यंतचे अंतर'. मी मोजणी खात्यात सर्वेअर. मधल्या सुट्टीत ती फॉर्म घेऊन माझ्या ऑफिसात आली. मी ऐटीत नकाशा पसरला, दोन शाळांवर दोन टिंबं दिली, पट्टी लावली.

"आठशे चाळीस मीटर. लिही बिनधास्त."

"इतकंच?" ताई म्हणाली.

"नकाशापेक्षा तुला जास्त कळतं का?"

आमच्या धंद्यात अंतर म्हणजे दोन टिंबांमधली सरळ रेघ. वळणं, चढ, भिंती आम्ही मोजत नाही. कुणी "चालत किती पडेल?" असं विचारलं, तर आम्ही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो. ताईने निमूटपणे आकडा लिहिला आणि खाली सही केली.

त्या सरळ रेघेत अकरा रूळ होते आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती. पलीकडे जायचं तर पुलावरून वळसा घालून जवळजवळ तीन किलोमीटर. एकोणीस पोरांपैकी बारा नव्या शाळेत पोचली. सात पोचलीच नाहीत. त्यांतली एक मुलगी, ताई तिला बडबडी म्हणायची, काही महिन्यांनी ताईला बेकरीत दिसली, खोक्यांना दोरी बांधताना. "बाई, मला पाढे अजून येतात!" असं म्हणून तिने गल्ल्यासमोरच साताचा पाढा म्हणून दाखवला, मालक डोळे वटारेपर्यंत. ताईने हे जेवताना आम्हाला हसत सांगितलं. मग ताटावरून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. पण तो आकडा कुणाचा, हे ती एका शब्दाने बोलली नाही आणि मीही मूग गिळून गप्प बसलो.

दोन्ही अर्जांची शेवटची तारीख एकच होती. त्या सकाळी ताईने टोपली बाजूला सरकवली, धोरणाचा अर्ज भरला आणि दुसरा फाडून टाकला. आईने कपाळाला हात लावला.

मुलाखतीला सोबत मी गेलो, भाऊजींना सुट्टी मिळाली नव्हती. बाहेरच्या बाकावर ताईची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. उकाडा होता, म्हणून आतल्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. एका बाईंनी विचारलं, "तुम्हाला हेडबाईंची जागा मिळतेय, मग इकडे कशाला?"

ताईने सगळं सांगितलं. आदेश, रकाना, यार्ड, सात मुलं. "अंतर चुकीचं भरलं गेलं. मी भरलं."

"आकडा कुठून आला?"

मी पर्सचा पट्टा गच्च धरला. ताई म्हणाली, "सही माझी आहे."

लाज वाटली मला. ती बाहेर आली, आम्ही जिना उतरायला लागलो आणि माझ्याच्याने राहवेना.

"ताई, आकडा माझा होता."

"माहितीये की."

"मग सांगितलं का नाहीस? माझं नाव सांगून मोकळी झाली असतीस."

ती पायरीवर थांबली. "अरे, तू त्या रस्त्याने कधी चालत गेला होतास?"

"नाही."

"मी जात होते. दर महिन्याला, मोठ्या शाळेत हजेरीचा तक्ता द्यायला, सतरा वर्षं. पाऊण तास लागायचा. पुलावर दोनदा टेकायचे. तू आठशे चाळीस म्हणालास, तेव्हाच मला ठाऊक होतं की हे खरं नाही. तुला माहीत नव्हतं रे. मला माहीत होतं. तरी मी लिहिलं, कारण रकान्यात अंतर विचारलं होतं आणि तू सर्वेअर होतास. माझ्यासारखी बाई असं कसं लिहिते, ते मला समजून घ्यायचंय. त्याशिवाय मला त्या हेडबाईंच्या खुर्चीत बसवणार नाही."

एवढं बोलली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. लहानपणी पडल्यावर मी रडायचो आणि ही डोळे पुसायची. हिला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. भर दुपारी, त्या जिन्यावर, कॉलेजची मुलंमुली बाजूने जात असताना माझी ताई हुंदके देऊन रडली, आणि मी तिचा हात धरून उभा राहिलो.