बिनसाखरेचं पीच कॉबलर

पिकलेल्या पीचचा वास आला की जर्मनीतल्या स्टुटगार्टमधला तो रविवार आठवतो. आमच्या वरच्या मजल्यावर मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जिया राज्यातल्या एक आजी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यासोबत राहायच्या. मधुमेहामुळे त्यांनी माहेरचं पीच कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड पक्वान्न, सोडलं होतं, म्हणून मी साखरेऐवजी बिर्केनत्सुकर, म्हणजे बर्च झाडापासून काढलेली, मधुमेहींना चालणारी साखर घालून ते भाजलं. लोणी आणि दालचिनीच्या वासाने अख्खा जिना दरवळला. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "अगदी आईच्या हातचं." संध्याकाळी त्यांनीच घाबऱ्याघुबऱ्या होऊन आमचं दार वाजवलं. कुत्र्याला उभं राहता येत नव्हतं. "मी त्यालाही थोडं दिलं गं," त्या म्हणाल्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारल्यावर मी साखरेचं नाव सांगितलं, तेव्हा कळलं की माणसाला चालणारी ही साखर कुत्र्याला विषासारखी असते. दुसऱ्या दिवशी तो गेला. मी माफी मागायला गेले, तर आजींनीच माझा हात धरला. "तू माझ्यासाठी केलंस. त्याला मी दिलं." महिन्याभराने त्यांनी पुन्हा कॉबलर मागितलं. ओव्हन बिघडलाय, असं मी सांगितलं. आजी आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला जाईपर्यंत मी तेच सांगत राहिले. तो ओव्हन आजही उत्तम चालतो.