बाबा, पाणी आणि माझी लटकती कुंडी

रविवारी सकाळी खिडकीतली लटकती कुंडी पुसायला खाली उतरवली आणि अख्खी वेलच हातात आली... मुळं कुजलेली, मणी पिचपिचीत.

'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' म्हणतात या झाडाला. हिरव्या मण्यांच्या माळा कुंडीतून खाली लोंबतात. वाशिमच्या उन्हात जगवलं म्हणून मी इथेच फोटो टाकून भरपूर मिरवलंही होतं.

उन्हाळा लागताना बाबा केनवडहून आमच्याकडे राहायला आले. शेत भावाकडे दिलंय, गुडघे कुरकुरायला लागलेत. आल्या आल्या कुंडीकडे बघून म्हणाले, "हे घाटे काहून लटकवले रे?" हरभऱ्याचे घाटे... घरातले सगळे हसलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. आधी त्या कुंडीला तांब्याभर पाणी, मग स्वतःचा चहा. "झाड तहानलेलं ठेऊन आपुन चहा कसा प्याचा?"

आता या झाडाचे मणीच पाणी साठवून ठेवतात. माती पार कोरडी झाल्याशिवाय त्याला पाणी द्यायचं नसतं. मला माहीत होतं, ओली माती रोज दिसतही होती... पण जन्मभर शेती केलेल्या बापाला पाणी कधी द्यायचं हे सांगायला जीभ रेटेना. आमच्याकडे बापाला असं कुणी शिकवत नाही.

मुळं कुजली तसे मणी सुरकुतायला लागले. बाबांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून ते संध्याकाळीही घालू लागले. मी तेव्हाही गप्प.

रविवारी त्यांनीच विचारलं, काय झालं म्हणून. सांगावंच लागलं. बराच वेळ ती मुळं बोटांनी चाचपत राहिले. "मले वाटलं, तहानलं असन," एवढंच बोलले.

काल ऑफिसमधून आलो तर अंगणातला मोगरा उन्हानं मान टाकून बसलेला. शेजारी भरलेली बादली, आणि बाबा पायरीवर. माझी वाट बघत होते... "याले देऊ का पानी?"

द्या ना बाबा, म्हणालो. अर्धा मग ओतून ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढं पुरे का?"

वेळेवर दोन शब्द बोललो असतो तर एक कुंडी वाचली असती, एवढंच मला वाटत होतं. काल कळलं, त्या गप्प बसण्यानं बाबांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेलाय... फार वाईट वाटतंय.