कोळंबीचं पदक

चि. गोपाळकृष्ण,
दोन गल्ल्यांवर राहून तुला पत्र लिहितेय, कारण समोर बसलं की तू कुणाला बोलू देत नाहीस. धोंडूच्या मालनचा पुन्हा फोन आला होता. गावातल्या सैनिकांच्या नावांचा फलक शाळेत लागतोय. सोमवारी कोरायला घेतील. तुझ्या पाणबुडीवरच्या धोंडूपुढे ‘स्वयंपाकी’ लिहिणार आहेत. चार ओळी खऱ्या लिही, सही कर आणि स्वतः गुहागरला नेऊन दे. तिथे तुझाच शब्द चालेल.
लीलाताई

पत्र पोचतं करून लीलाताई मांडवीच्या सभागृहात गेल्या. धाकट्या भावाचा वर्षातला हा चौथा सत्कार. एकाहत्तरच्या युद्धात छत्तीस तास तोंडातून अवाक्षर न काढल्याबद्दल त्याला पदक मिळालं, असं त्या म्हणत. त्याची भरपाई तो पन्नास वर्षं करत होता.

“वर शत्रूची युद्धनौका,” गोपाळकृष्ण सांगत होता. “तळाशी लाह्या फुटाव्यात तसा कडकडाट. मी ओळखलं, कोळंबी! म्हटलं, बोट त्या आवाजात नेऊन दडवा. शत्रूला आम्ही ऐकूच गेलो नाही.”

“काका, कोळंबी वाजते कशान?” मागून भागोजीनं विचारलं. त्याची हयात जाळी ओढण्यात गेलेली.

“शेपटी आपटून.”

“शेपटी नाय काका, नांगी.”

मागच्या रांगा हसल्या, पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या घराच्या उंबऱ्याआत कधी कोळंबी आली नाही, तिथला मुलगा ती नुसत्या आवाजावरून ओळखतो, हे दिल्लीला पटलं होतं. मांडवीला कसं पटावं?

पाणबुडीत कानाला यंत्र लावून बसला होता धोंडू. कोळंबी ओळखली त्यानं, बोट तिच्यात दडवायचं सुचवलं त्यानं. रजेवर आल्यावर हे गोपाळकृष्णानंच ताईंना सांगितलं होतं. पदक जाहीर व्हायला तेव्हा दोन महिने होते, म्हणून खरं बोलला. धोंडूनंही गावी सांगितलं की कोळंबीनं बोट वाचवली. गावानं अर्थ काढला, हा तिथे कोळंबी रांधत होता. मरेपर्यंत लोक विचारायचे, “काय धोंडू, कालवण काय आज?” धोंडू हसायचा. त्याची बायको मालन नाही.

सत्कार संपल्यावर ताईंनी भावाला दारातच गाठलं.

“वाचलंस?”

“वाचलं. पण ताई, मानपत्रात माझं नाव आहे. आता इतक्या वर्षांनी...”

“पदक कोण मागतंय तुझं? धोंडूच्या हातातला झारा तेवढा काढून घे.”

युद्धानंतर पहिल्यांदाच तो गप्प बसला. मग घरी जाऊन त्यानं खरंच लिहिलं. चार सरळ ओळी, खाली हुद्द्यासकट सही.

“तू नेऊन दे,” तो म्हणाला.

“मी नाही. मालनसमोर तू उभा राहायचं.”

“जयगडला खाडी ओलांडायला फेरीबोट आहे ना? मला बोट लागते.”

पाणबुडीचा निवृत्त अधिकारी, दहा मिनिटांच्या फेरीबोटीला भ्यायलेला.

पाकीट उचलून आपणच एसटीत बसावं, असं त्यांना त्या आठवड्यात दोनदा वाटलं. दोन्ही वेळा वाटलं, त्याला का म्हणून सोडायचं? सोमवारी गोपाळकृष्णाचा पाचवा सत्कार होता, चिपळूणला. तिथून गुहागर पाण्यावाचून, सरळ रस्त्यानं जाता येतं.

फलक लागला. पाकीट अजून त्याच्या कपाटात आहे, पदकाच्या डबीखाली. वर सुवाच्य अक्षरात मालनचं नाव, पत्ता.