वाघाचा मेसेज

वाघाचा मेसेज आला की काका ऑटो बाजूला लावायचे, पाठवणाऱ्याला फोन करायचे आणि एकच विचारायचे, "वाघ दिसला तवा तू कुठं उभा होता?"

तुमच्याही ग्रुपवर येतात असले मेसेज. 'सावधान! आपल्या शिवारात वाघ. पुढे पाठवा, जीव वाचवा.' पाठवणारा गादीवर लोळतो. घाबरायचं कोणी? झरी जामणीकडच्या कापूस वेचायला निघालेल्या बायांनी! काका त्यांना ऑटोतून वावरात पोचवायचे. मेसेज खोटा असून ऑटो नेला नाही, तर त्यांची मजुरी बुडायची. खरा असून नेला, तर... हे वाक्य काका कधी पुरं करत नसत.

मी तेव्हा एका संस्थेची पत्रकं वाटायचो. 'अफवांवर विश्वास ठेवू नका!' काकांनी वाचून घडी घातली.

"बाबू, अफवा हाय हे तू पाहून आला काय?"

"सगळेच म्हणतात, काका."

"मेसेजवालेबी हेच म्हणते."

राग आला. पण मी त्यांच्या शेजारी बसून ऐकू लागलो. पाठवणारा म्हणायचा, "मले आला, म्या धाडला." मग त्याच्या आधीच्याला फोन. एकदा ही साखळी घाटंजी, वणी करत राजूरला काकांच्या जावयापर्यंत पोचली. जावई चाचरला, "मामाजी, घरूनच आला. तुमच्या."

काकांनी काकूंना फोन लावला. "तू कुठं उभी होती वं?"

"चुलीपाशी! घरी या, मंग सांगतो."

बाया ऑटोत हसून लोळल्या.

काकांना धीट समजू नका. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते आधी एकटे जाऊन यायचे, खाकरत, मोठ्यानं भजन म्हणत. "भेतो म्हणून तं पाह्यतो," म्हणायचे.

मागच्या हंगामात एका सकाळी साखळीच्या टोकाला एक गुराखी सापडला. "नाल्याच्या काठावर उभा होतो," तो म्हणाला. "काल सांजच्याले. समोरून गेला." तो नाला बायांच्या वावराला लागूनच होता.

काकांनी ऑटो बंद केला. "उतरा बायांनो. आज नाही."

"मंग आज चूल तू पेटोशीन काय, भाऊ?" मागची बाई कडाडली. "आज नाही गेलो तं मालक उद्या दुसऱ्या बाया आणते!" ती उतरून वावराकडे चालू लागली. तिच्यामागं बाकीच्या.

मी वनविभागाला फोन लावला. माणसं निघाली होती, पण पोचायला सांज होणार होती.

काकांनी ऑटो बायांच्या पुढे घातला आणि हॉर्न दाबला. दिवसभर बाया वेचत होत्या, अन् काका वावराभोवती हॉर्न वाजवत फिरत होते. दुपारी हॉर्नचा आवाज बसला, तर जेवणाचा डबा बडवला.

सांजेला बायांना घरोघरी सोडून आम्ही वनविभागाच्या माणसांसोबत नाल्याकडे गेलो. ओल्या मातीत ऑटोच्या चाकांची खूण वावराला वळसा घालून गेली होती. तिच्यावर, चाकाची नक्षी मोडून, पंजे उमटले होते. ताजे.

काकांनी वाकून पंजे पाहिले. स्वतःच तर सोडून आले होते सगळ्यांना. तरी माझा दंड धरून म्हणाले, "बाबू, साऱ्या पोचल्या ना रे घरी?"