कावळा, कांदाभजं आणि आप्पांची विडी

माझ्या वडिलांची विडी एका कावळ्याने सोडवली.

(खरं तर एका कावळ्याने आणि एका कांदाभज्याने. पण भज्याचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. मी तर मुळीच नाही, कारण भजं माझं होतं.)

सोनाआत्याचा दहावा होता. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आजी लवकर गेल्यावर तिनेच आप्पांना वाढवलं, आणि ते वाढून झाल्यावर उरलेलं आयुष्य ‘विडी सोड’ म्हणून त्यांच्या मागे लागण्यात घालवलं. तिचं स्वतःचं एकच व्यसन होतं, कांदाभजी. शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी तेलकट बंद केलं. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या ताटाकडे बघून सुस्कारे टाकायची, आणि आप्पा तिच्या खाटेपाशी बसून, विडी ओढत ओढत, तिला पथ्याचं महत्त्व सांगायचे.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते. परीक्षा संपवून सकाळच्या एसटीने निघाले ती बॅगेसकट थेट निरगुडसरच्या नदीकाठी पोचले. आमच्याकडे दहाव्याला भाषणं असतात. त्या दिवशी सहा वक्ते होते आणि सहाही जणांनी ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ अशी सुरुवात करून तो घेतला. मे महिन्याचं ऊन चढलं. भाषणं संपली, पिंड मांडले, आणि चारशे माणसं समोरच्या बाभळीवरच्या एका कावळ्याकडे बघत बसली. कावळा चारशे माणसांकडे बघत बसला.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिलेली असते. मग नातेवाईक एकेक करून पुढे येतात आणि हात जोडून शब्द देतात. आईने आत्याच्या म्हशीला अंतर देणार नाही असं सांगितलं. कावळा हलला नाही. आतेभावाने आपल्या आईच्या नावाने शाळेला पंखा देतो म्हटलं. कावळ्याने मान खाजवली. एका पुढाऱ्यांनी वस्तीचा रस्ता डांबरी करण्याचा शब्द दिला, तेव्हा तर कावळा चक्क पाठ फिरवून बसला. (त्यालाही अनुभव असावा.)

कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी काही खायचं नसतं. हा नियम मला माहीत होता, माझ्या पोटाला नव्हता. मंचरच्या स्टँडवर घेतलेली भजी कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये होती. मी गर्दीपासून बाजूला, पिंडांच्या शेजारच्या दगडाआड बसले होते. चारचौघांत मी असल्या-नसल्यासारखीच असते, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघेल ही शक्यता नव्हती. मी एक भजं काढलं, तोंडापाशी नेलं, आणि तेवढ्यात मागून आमचे शेजारी बबनकाका म्हणाले, “ताई, पाणी देऊ का?”

मी इतकी दचकले की हात आपोआप झटकला गेला. भजं हवेत उडालं आणि नेमकं पिंडांच्या शेजारी जाऊन पडलं. त्याच क्षणी आप्पा हात जोडून म्हणत होते, “अक्का, बिडी सोडली. आजपासनं.”

बाभळीवरून कावळा बाणासारखा सुटला! त्याने भजं उचललं, आणि उडताना त्याचा पाय पिंडाला लागला. सगळ्यांना तेवढा पायच दिसला. ‘शिवला, शिवला’ करत चारशे माणसं उठली, आईने डोळ्याला पदर लावला, आप्पांनी खिशातलं विडीबंडल नदीत फेकलं. मी पर्सची चेन लावली.

पहिले दोन दिवस आप्पा हवेत होते. तिसऱ्या दिवशी विचार सुरू झाले.

विडी सोडणं एक वेळ सोपं असावं. पण रिकाम्या झालेल्या जागेत जे विचार शिरतात त्यांना बाहेर काढणं महाकठीण. आप्पा सकाळी उठून गोठ्यात जात आणि म्हशीला सांगत की आता आपल्यात काही राम राहिला नाही. चहा पुढे आला की त्यांना वाटे, विडीशिवाय चहा म्हणजे औषध. टोमॅटोच्या बांधावर बसले की वाटे, टोमॅटोही आपल्याला हसतात. त्यात बबनकाका. हे आप्पांचे बांधावरचे विडीमित्र. आता त्यांना एकट्याने ओढावी लागे, म्हणून ते रोज येऊन आप्पांसमोर बसून एकट्याने ओढत.

“राव, तुमी सोडली ते बरंच केलं,” ते धूर सोडत म्हणत. “पर कावळ्याला बिडीतलं काय कळतंय? त्याला भूक लागली असंल.”

आप्पांचा चेहरा पडे. माझा त्याहून जास्त पडे.

होस्टेलच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की धूम्रपान सोडताना मनात जे वाईट विचार येतात ते कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर त्याचं उत्तर लिहावं. मी आप्पांना हे तोंडाने सांगणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांशी ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ याच्यापुढे फारसं गेलो नव्हतो. म्हणून मी एका वहीच्या पानावर मध्ये रेघ मारली, डावीकडे ‘विचार’ आणि उजवीकडे ‘उत्तर’ असं लिहिलं (माझी मराठी अक्षरं इंग्रजी शाळेतली, एकमेकांपासून सुरक्षित अंतर ठेवून उभी), आणि वही त्यांच्या उशाशी ठेवून पळाले.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू खालपर्यंत भरलेली होती.

‘मला अन्न जात न्हाई.’ मी समोर लिहिलं, ‘काल सात भाकरी गेल्या.’

‘बबन एवढा वडतो, त्याला काय व्हत न्हाई.’ मी लिहिलं, ‘ते आपल्या ओट्याच्या तीन पायऱ्या दोन वेळा बसून चढतात.’

‘बिडी सोडल्यापासनं डोकं चालत न्हाई.’ याचं उत्तर मला सुचेना. संध्याकाळी बघितलं तर आईच्या अक्षरात उत्तर आलेलं होतं: ‘आधी तरी कुठं चालत व्हतं?’

काय सांगू, माझा आनंद! आप्पा वहीतून माझ्याशी बोलत होते, मी उत्तरं देत होते, एक वाक्यही मोठ्याने न बोलता माणूस वाचवत होते! पण पाचव्या दिवशी पानाच्या तळाशी एक ओळ आली. तिच्याखाली तीन रेघा होत्या.

‘ताई, तू पिंडाजवळ व्हतीस. कावळा आपणहून आला ना?’

मी दुपारभर पेन चावलं. मग फार बारीक अक्षरात लिहिलं, ‘हो.’

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोललेल्या माणसाला पुरावा जोडायची घाई असते. मी खाली लिहिलं, ‘शंका आली की भाकरीचा घास कुंपणाच्या भिंतीवर ठेवा. कावळा आला तर आत्याचं लक्ष आहे, विचार खोटा.’ माझा हिशेब सरळ होता. भाकरीला नाही म्हणणारा कावळा आंबेगाव तालुक्यात जन्माला यायचा होता.

आणि उपाय लागू पडला! आप्पांना तलफ आली की घास भिंतीवर, कावळा हजर, आप्पा खूष. फक्त मी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. आप्पांना दिवसातून वीस वेळा तलफ येत होती.

आठवडाभरात तीस कावळे झाले. ते पहाटेपासून भिंतीवर ओळीने बसत, जणू रेशन दुकान उघडायचं आहे. आप्पा डेअरीला दूध घालायला निघाले की मागून निम्मे निघत, उरलेले घराची राखण करत. आईने गच्चीवर घातलेल्या कुरडया त्यांनी ओल्या असतानाच संपवल्या. मग त्यांनी शेजारी जाऊन बबनकाकांकडचे सांडगे संपवले, तेव्हा काकू कंबरेवर हात ठेवून आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “सोनाअक्का आली ते ठीक हाये. पर सगळी वऱ्हाडी मंडळी कशापायी आणली?”

आईने त्या रात्री वहीत माझ्या ‘उत्तर’च्या रकान्यात लिहिलं, ‘त्यापरीस बिडी परवडली.’

अशात ओतूरहून मला बघायला पाहुणे येणार असल्याचं कळलं. म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं, मला त्या दिवशी सकाळी साडी हातात दिल्यावर कळलं. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. पडवीत सतरंजी अंथरली. मुलीबद्दल सांगताना आईने माझा सर्वात मोठा गुण आधी सांगितला. “लई शांत हाये. घरात हाये का न्हाई कळत न्हाई.” मी भज्यांची ताटली मुलासमोर ठेवून तो गुण खरा करत खाली बघत बसले.

बोलणी रंगली. आणि मुलाच्या वडिलांनी खिशातून विडीबंडल काढलं. एक स्वतः घेतली, एक आप्पांपुढे धरली.

“घ्या पावणं.”

होणाऱ्या व्याह्याने पुढे केलेली विडी! नाही म्हणावं तर अपमान, घ्यावी तर आत्या. कोपऱ्यात बसलेल्या बबनकाकांचे डोळे चमकले. आप्पांनी विडी हातात घेतली. तेवीस दिवसांनी. मग “आलोच” म्हणून ते उठले, पडवीच्या कडेला गेले आणि त्यांनी पोळीचा एक तुकडा भिंतीवर ठेवला.

कावळा आला नाही.

तीसपैकी एकही नाही! पाहुण्यांची जीप भिंतीला खेटून उभी होती आणि सगळे कावळे पार चिंचेच्या शेंड्यावर जाऊन संशयाने बघत होते. पाहुण्यांना काही कळेना. आप्पा उभे होते, हातात विडी. मुलाच्या वडिलांनी काडी ओढून पुढे धरली. आप्पा वळले, आणि त्या तेवीस दिवसांत वहीत न लिहिलेला विचार मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता आला. बघ, कुणाचं लक्ष नाही.

विडी ओठांकडे निघाली.

मला पुढचं धड आठवत नाही. मुलाने नुकतंच एक भजं उचललं होतं, ते मी त्याच्या हातातून घेतलं एवढं आठवतं. मग ताटलीही घेतली. उठले, आणि हात झटकून सगळी भजी भिंतीवर भिरकावली.

तीसच्या तीस कावळे एकदम उतरले! जीपच्या टपावर, सतरंजीवर, मामांच्या टोपीवर. मुलगा खाटेखाली गेला. काडी विझली. त्या कल्लोळात आप्पा मात्र कावळ्यांकडे बघत नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“घाटावर बी असंच ना, ताई?” त्यांनी हळूच विचारलं.

मी कधी बोलत नाही; त्यामुळे बोलायला लागले की कुठे थांबायचं ते कळत नाही. मी पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं. मंचर, पर्स, कागद, दगड, बबनकाकांचं पाणी, पिंडाला लागलेला पाय.

पहिले सावरले बबनकाका.

“म्हंजी अक्काला भजं पायजे व्हतं,” ते आनंदाने म्हणाले. “बिडीचा संबंधच न्हाई. राव, सुटलात तुमी.”

मी आप्पांकडे बघायचं टाळलं. माझ्या एका भज्याने सोडवलेली विडी माझ्याच दहा भज्यांनी परत त्यांच्या तोंडात दिली होती.

आप्पा भिंतीवरच्या कावळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते, डोळे पुसत पुसत हसत होते.

“आमी पंखा देतो, रस्तं देतो,” ते म्हणाले, “आन् एकाला बी सुचलं न्हाई का तिला भजं ठेवावं. दोन वर्सं तरसली बिचारी. ताई, तेवढं एक काम तू केलंस बघ.”

मग त्यांनी विडी मुलाच्या वडिलांच्या हातात परत दिली. “माफ करा पावणं. कावळा भज्याला आला असंल. पर शब्द मी माझ्या तोंडानं दिलाय.”

आप्पांनी त्यानंतर विडी ओढली नाही. बबनकाका अजून ओढतात, आणि आता त्या तीन पायऱ्या चार वेळा बसून चढतात.

ओतूरहून चार दिवसांनी निरोप आला. मुलगी शांत आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती पाहुण्यांच्या तोंडचा घास काढून कावळ्यांना घालते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी वही काढली आणि पहिल्यांदाच डाव्या बाजूला स्वतःचा विचार लिहिला: ‘आता माझं लग्न कधीच जमणार नाही.’

सकाळी समोर आप्पांच्या अक्षरात उत्तर होतं: ‘जमंल. फकस्त बघाया येतील तवा भजी करायची न्हाईत.’

पुढे जमलं. त्या दिवशी शिरा होता, आणि खबरदारी म्हणून ताटली आप्पांनी स्वतः दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.