फोटोची मागची बाजू

“मागं बघितलं का?” रूथबाईंनी विचारलं.

“मागे काही नाही, मावशी,” मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं की क्षणभर माझाही विश्वास बसला. खरं तर मी बघितलंच नव्हतं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर जुने कागद आणि फोटो डिजिटाइझ करण्याची कामं घेते. म्हणजे नुसतं स्कॅनिंग नव्हे. प्रत्येक फोटोला मेटाडेटा लागतो: कुणाचा, कुठला, कधीचा, कुणी दिला. थोडक्यात, फोटोची जन्मपत्रिका. ती नसेल तर तुमच्याकडे संग्रह नसतो, नुसती गच्च भरलेली हार्ड डिस्क असते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या इतिहासाची वेबसाइट आणि एक प्रदर्शन करायचं एका समितीनं ठरवलं. उद्घाटनाची तारीख आधी ठरली, काम नंतर. अध्यक्ष होते आप्पासाहेब. सत्कारात मिळालेल्या शालींसाठी त्यांच्या घरी स्वतंत्र कपाट आहे. “पाहुण्यांची तारीख मिळालीय, मॅडम. आता इतिहास तेवढा वेळेत उरका,” असं त्यांनी मला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं.

शिरूरच्या जुन्या मिशन शाळेतून फोटोंच्या चार पेट्या आल्या. पहिले दहा फोटो मी उलटून पाहिले. मागे कोरे. मग ठरवलं, मागच्या बाजू स्कॅन करायच्या नाहीत. निम्मा वेळ वाचेल. हा निर्णय आप्पासाहेबांवर ढकलायला मला आवडलं असतं, पण तो माझाच होता.

फोटोंमधल्या माणसांची नावं मिळावीत म्हणून ते फेसबुकवर टाकले. याला क्राउडसोर्सिंग म्हणतात, म्हणजे आपलं काम लोकांकडून करून घेणं. लोकांनी ते उत्साहानं केलं. विहिरीजवळ उभ्या असलेल्या एका भरघोस फेट्याच्या, रुबाबदार गृहस्थावर तळेगाव ढमढेऱ्याकडच्या तीन घराण्यांनी दावा सांगितला. तिघांचेही ते पणजोबा. एका घराण्यानं तर त्यांचा फ्लेक्ससुद्धा लावला.

कसलाही दावा न करणारी एकच व्यक्ती माझ्याकडे आली. त्या रूथबाई. वय ऐंशीच्या पुढे, राहायला मिशन कंपाउंडमध्येच. त्यांची आई सगुणा याच शाळेच्या बोर्डिंगमध्ये शिकली आणि रूथबाई दीड वर्षाच्या असताना वारली. घरात तिचा एकही फोटो नाही. मामांनी एवढंच सांगून ठेवलेलं, की बोर्डिंगच्या सगळ्या मुलींचा शाळेच्या पायऱ्यांवर एकदा फोटो निघाला होता, त्यात ती आहे.

तो फोटो पेटीत सापडला. तीन पायऱ्या, अठरा मुली, सगळ्यांची एकसारखी पातळं. अठरांतली एक रूथबाईंची आई. कोणती, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

माझ्याकडे चेहरे जुळवणारं सॉफ्टवेअर होतं. त्याला रूथबाईंचा लग्नातला फोटो दिला. त्यानं मधल्या पायरीवरच्या शेवटच्या मुलीवर चौकोन काढला. हनुवटी वर, नजर थेट कॅमेऱ्यात. रूथबाईंना ती आधीपासूनच आवडली होती.

“मग लिहू का नाव?” मी विचारलं.

“नगं, ताई. वाटतं म्हणून लिहायचं नसतं. त्या मशीननं तिला कवा बघितलंय?”

असं म्हणाल्या खऱ्या, पण दर गुरुवारी येत राहिल्या. आल्या की पदर नीट करायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, “मोठी करा जरा.” मी त्या मुलीचा चेहरा स्क्रीनभर करायची. मग दहा-पंधरा मिनिटं त्या तिला बघत बसायच्या. मी दुसरी कामं करत असल्याचं दाखवत असे.

अशाच एका गुरुवारी त्यांनी मागच्या बाजूचं विचारलं.

“आमच्या मोठ्या बाई समद्याच्या मागं नावं लिहायच्या. पाटीच्या मागं, ताटाच्या मागं. मी शिकायला व्हते तवा म्हाताऱ्या झाल्या व्हत्या, तरी पेन्सिल सुटली न्हवती. फोटो सोडतील व्हय?”

मी पेटी उघडली. फोटो पेटीत नव्हता. प्रदर्शनात काचेखाली ठेवायला म्हणून मी स्वतःच तो दौंडला पाठवला होता. मी आप्पासाहेबांना फोन लावला.

“एक नंबर लागलाय, मॅडम. मधोमध.”

“लागलाय म्हणजे?”

“चिकटवलाय की फोमबोर्डाला. उद्घाटनात पडायबिडायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. रूथबाई माझ्याआधी दारात उभ्या होत्या. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून हायवे. वरवंड आलं तसं त्यांनी काच खाली केली. “आईचं गाव,” म्हणाल्या. गाव मागे पडेपर्यंत काच खालीच होती.

हॉलमध्ये आप्पासाहेब कमानीची फुलं बघत होते. फोटो बोर्डावरून सोडवायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“उद्या उद्घाटन, आन् आज तुम्ही मधलाच फोटो उपटणार? तिथं भोक दिसंल की!”

“त्याच्या मागे नावं असतील, आप्पासाहेब.”

“आन् निघताना फाटला म्हंजी? ना नाव, ना फोटो.”

हे मात्र ते बरोबर बोलले. बोर्ड तयार केले होते दौंडचे जुने पेंटर रफिकभाई यांनी. मी त्यांना विचारलं, “कशानं चिकटवलाय?”

“मैद्याची खळ, मॅडम. चाळीस साल झाली, आपण खळच लावतो. फेव्हिकॉल लावला की निघत नाय. आन् पुढाऱ्यांचे फोटो बदलावे लागतात ना सारखे.”

आप्पासाहेब फुलांकडे बघू लागले. मला रफिकभाईंना तिथेच एक शाल द्यावीशी वाटली. खळ पाण्यानं सुटते. पेन्सिल पाण्यानं जात नाही. शाईनं लिहिलेलं असतं तर आशा नव्हती.

तरी मी रूथबाईंना विचारलं. “मावशी, फाटू शकतो. आणि नावं मिळालीच, तर कदाचित ती टोकाची मुलगी तुमची आई नसेलही.”

त्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या. मधल्या पायरीच्या टोकाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “काढा.”

बोर्ड बटरपेपरवर पालथा घातला. रफिकभाईंनी पातळ पात्यानं मागचा फोम थराथरानं कापला. फोटोला चिकटलेला बोर्डाचा शेवटचा कागद उरला तेव्हा मी त्यावर ओला टिपकागद ठेवला. मग वाट बघायची. या कामात कौशल्य फार नसतं, हात मागे ठेवणं असतं. आप्पासाहेबांना ते जमेना. ते दर पाच मिनिटांनी येऊन “झालं का?” विचारत. दुपारी कधीतरी कागद सायीसारखा सरकला.

मागे पेन्सिलीतली तिरपी, बारीक अक्षरं होती. रफिकभाईंनी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, मी वाचू लागले. मोठ्या बाईंनी आडनावं लिहिली नव्हती, नाव आणि गाव लिहिलं होतं. खालची पायरी, डावीकडून. मग मधली पायरी. तिच्यात शेवटचं नाव: लीला, पारनेर.

रूथबाईंनी पदर नीट केला.

वरची पायरी. पहिली, दुसरी, तिसरी. चौथं नाव: सगुणा, वरवंड.

फोटो सुलटा केला. मी बोटानं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

त्या काळी तिवईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात फोटो निघायला वेळ लागायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी पुतळ्यासारखं बसायचं. सतरा मुली तशा बसल्या होत्या. चौथ्या मुलीनं मान वळवली होती. पातळाचे काठ स्वच्छ, मांडीवरचे हात स्वच्छ, नखंसुद्धा दिसत होती. चेहऱ्याच्या जागी राखाडी फराटा.

आप्पासाहेबांनी खुर्ची आणून रूथबाईंना बसवलं. मग थोड्या वेळानं, मनापासूनच, म्हणाले, “एआयनं क्लिअर होतं हे, मॅडम. आमच्या वडलांचा केलाय मी.” त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांत करूनही दाखवलं. फराट्याच्या जागी एक गोरी, नाकेली मुलगी हसत होती.

रूथबाईंनी मोबाइल हातात घेऊन बघितलं. “देखणी हाय,” म्हणाल्या. “कुणाची हाय?”

आप्पासाहेबांनी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला.

रूथबाई परत फोटोवर वाकल्या. “मामा म्हणायचे, तुझी आई एका जागी गप म्हणून बसायची न्हाई. मला वाटायचं, पोरीला काय तरी सांगायचं म्हणून सांगतात.” मग जरा हसल्या. “आन् मी इतके गुरुवार लीलाबाईला बघत बसले. तिच्या लेकराला म्हायतबी नसंल.”

उद्घाटन व्यवस्थित झालं. पाहुणे त्या बोर्डासमोरून फोनवर बोलत गेले, त्यामुळे मधला फोटो मूळ नसून प्रिंट आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी चारही पेट्यांमधल्या सगळ्या फोटोंच्या मागच्या बाजू स्कॅन केल्या. विहिरीजवळच्या फेटेवाल्यामागे मोठ्या बाईंनी लिहिलं होतं: “आपला टांगेवाला.” तिन्ही घराण्यांनी त्याच आठवड्यात दावे मागे घेतले. फ्लेक्सही उतरला. टांगेवाल्याचा एखादा खराखुरा पणतू कुठेतरी असेल. त्याचा फोन अजून आलेला नाही.

आता नवीन काम घेताना मी माणसांना एकच अट सांगते: दोन्ही बाजू स्कॅन होतील, उद्घाटन त्यानंतर. बरीच कामं तिथेच हातची जातात.

रूथबाई गुरुवारी येतात. “मोठी करा” म्हणत नाहीत. मोठा केला की तो चेहरा राहत नाही, नुसते करडे चौकोन होतात. त्यांनी खुर्ची मागे, पार दाराशी नेली आहे. तिथून म्हणे मान वळवलेली कळते. मीही एकदा तिथे बसून बघितलं. कळते.

मेटाडेटात मी लिहिलं होतं: “वरची पायरी, चौथी: सगुणा, वरवंड. चेहरा अस्पष्ट.” त्यांनी मला ते वाचून दाखवायला लावलं.

“अस्पष्ट नगा लिहू, ताई,” त्या म्हणाल्या. “हलली, असं लिहा.”

तसं लिहिलं आहे.