सभा आणि दळण

आमची पिठाची गिरणी गावच्या पारासमोर होती. वडील ती चालवायचे आणि उरलेल्या वेळात एका पक्षाचं काम करायचे. आईचं माहेर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, वडिलांच्या विरोधातल्या पक्षात. निवडणूक लागली की दोघांचं एकमेकांच्या घरी चहा पिणं बंद व्हायचं, आणि निकाल लागल्यावर जो हरला असेल त्याच्याकडे दुसरा आपणहून जायचा.

ती लोडशेडिंगची वर्षं होती. घरातला दिवा कसाबसा लागायचा, पण गिरणीला थ्री फेज वीज लागायची आणि ती कधी येईल याचा नेम नसायचा. बाया ज्वारीचे डबे रांगेत ठेवून घरी जायच्या. कुणाच्या डब्याला चिंधी बांधलेली, कुणाच्या झाकणावर खडूचं फूल. डब्याची जागा कुणी बदलायची नाही, असा न बोलता ठरलेला नियम. घरातलं पीठ पार संपलं की शेजारणीकडून वाटीभर आणायचं आणि दळण झालं की परत करायचं. गावामागच्या माळावर चढलं आणि हवा निवळलेली असली, तर लांब परळीच्या थर्मलची धुराडी दिसायची. तिथं वीज तयार होते, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. धूर तेवढा आम्हाला दिसायचा.

दिवस मावळला की बहुधा घरची वीजही जायची आणि अंधाऱ्या घरात कुणी थांबायचं नाही. बाया गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायच्या, आम्ही मुली दिसेनासं होईस्तोवर सागरगोटे खेळायचो. वडील आणि मामा ओट्याच्या दोन टोकांना बसायचे आणि वीज कुणी घालवली यावर त्यांची जुंपायची.

"तुमच्यांनी फुकट वीज देतो म्हणून मतं घेतली," वडील म्हणायचे. "वीज मंडळ तवाच बसलं."

"आन तुमच्यांनी काय केलं, दाजी? बाहेरच्या कंपनीची महागाची वीज घेतली. तेवढ्यानं भागलं न्हाई, मग मंडळच फोडलं. एकाच्या तीन कंपन्या केल्या."

"ती सुधारणा हाय, पाव्हणं. एक कंपनी वीज तयार करणार, दुसरी वाहून आणणार, तिसरी घरात देणार."

आई ओट्यावर बसून शेंगा फोडत असायची. एकदा मान वर न करता तिनं विचारलं, "मग आपली वीज कोणत्या कंपनीत अडकलीय?"

बाया हसत सुटल्या. वडीलही हसले. त्यांचं हसू अंधारात दिसायचं नाही, पण ऐकू यायचं.

मग एका वर्षी वडिलांच्या पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्याची सभा आमच्या गावात ठरली. साहेब केजची सभा आटोपून आमच्याकडे आणि पुढे वडवणीला जाणार होते. वडिलांनी आठवडाभर धावपळ केली. पारावर मंडप घातला, आईकडून नवा सदरा धुऊन इस्त्री करून घेतला. पक्षातलं तालुक्याचं पद या खेपेला त्यांनाच मिळणार, असं सगळे म्हणत होते.

सभेच्या दिवशी दुपारीच फेज आली. साहेब येणार म्हणून कुणीतरी वरून सांगितलं असावं. ती बातमी साहेबांच्या आधी गावभर पसरली. मंडपात बसायला निघालेल्या बाया वाटेतूनच वळल्या आणि गिरणीपुढे आल्या. माझी मामीही डबा घेऊन त्यांच्यात होती. वडील सभेत, म्हणून आईनंच मोटार चालू केली.

साहेब उभे राहिले तेव्हा गिरणी चांगली भरात होती. "गेल्या सरकारनं तुम्हाला अंधारात ठेवलं," असं काहीतरी ते सांगत होते, पण लाऊडस्पीकरवरचा आवाज गिरणीच्या घरघरीत बुडत होता. मंडपातले लोक मागे वळून बघायला लागले. थोड्या वेळानं वडील आले, मागे पक्षाचे दोन कार्यकर्ते.

"काका, साहेबांचं कायबी ऐकू येईना," त्यातला एक म्हणाला. "तेवढं भाषण होईस्तोवर बंद करा."

वडिलांनी मोटारीच्या खटक्यावर हात ठेवला. बाया आपापल्या डब्याला धरून फक्त त्यांच्याकडे बघत राहिल्या. आईच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "साहेब गेले की लाईट बी जाईल. मग ह्या बायांनी करायचं काय?"

वडिलांचा हात खटक्यावरच होता. मी त्यांच्या जवळ उभी होते आणि त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. नवा सदरा, खिशाला बिल्ला, कपाळावर घाम. मग त्यांनी हात काढून घेतला.

"साहेबांना म्हणावं, जरा मोठ्यानं बोला," ते कार्यकर्त्यांना म्हणाले आणि पुन्हा मंडपाकडे न जाता दळण ओतायला लागले.

साहेबांच्या गाड्या वेशीबाहेर पडल्या आणि गिरणी थांबली. पण तोवर बहुतेकांचं दळण झालं होतं. तालुक्याचं पद दुसऱ्याला मिळालं. मामा चिडवायला येईल असं आम्हाला वाटलं होतं. तो आला, पण ओट्याच्या आपल्या टोकाला न बसता वडिलांच्या शेजारी बसला.

"दाजी, आमच्यात या. आमी मान देऊ."

"आन तुमच्या सभेत गिरणी चालू राहिली तर?"

मामानं हसून विषय बदलला. पुढच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची सभा झाली, तेव्हाही फेज आली आणि गिरणी सुरू झाली. या वेळी बंद करा म्हणायला मामा स्वतः आला. वडिलांनी रांगेकडे बोट दाखवलं. मामी डबा घेऊन उभी होती. मामानं तिच्याकडे बघितलं, टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि तिथंच ओट्यावर बसला. आपल्या पुढाऱ्याचं भाषण त्यानं गिरणीच्या आवाजातच ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. नंतर त्यालाही पक्षात कुणी फारसं विचारलं नाही.

आता गावात वीज बऱ्यापैकी असते. घरोघर घरघंटी आली आणि आमची गिरणी बंद पडली. ज्या पुढाऱ्यांसाठी हे दोघं भांडले, ते मध्यंतरी एकाच व्यासपीठावर हार घालून घेताना मी टीव्हीवर बघितले. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "बघितलं. तुझा मामा असता तर मजा आली असती."

मामाला जाऊन आता काही वर्षं झाली. मागच्या निवडणुकीत एक तरुण कार्यकर्ता पत्रक घेऊन घरी आला होता. चोवीस तास वीज कुणी आणली हे तो वडिलांना समजावून सांगत होता. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला. तो गेल्यावर आईला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण ह्याच्यासंगं भांडावं वाटत न्हाई."

ते अंधारातले दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. शेजारणीकडून पीठ मागायला मला लाज वाटायची, ती मी विसरलेले नाही. तरी गावी गेले की संध्याकाळी पाराकडे पाय वळतात. घराघरांची दारं लावलेली असतात, आतून टीव्हीचे आवाज येत असतात. मी गिरणीच्या रिकाम्या ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहते. मग आई जेवायला हाक मारते आणि मी घरी जाते.